उजवीकडचं पदक

१

चौकट जागेवर होती, काच जागेवर होती, मागचा पुठ्ठासुद्धा जागेवर होता. मधला फोटो तेवढा गेला होता.

धाकटीला आधी वाटलं, काचेवर उजेड पडल्यामुळे दिसत नसेल. तिने चौकट खिळ्यावरून उतरवली, खिडकीशी नेली, उलटसुलट करून पाहिली. आत नुसता पिवळट पुठ्ठा. पलंगावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचा श्वास अडखळत चालला होता, आणि त्या श्वासाकडे कान लावूनच धाकटी हल्ली जगत होती.

"बाबा, इथला फोटो कुणी काढला?"

बाबांनी कूस बदलली नाही. झोपले असतील. नसतीलही.

सुनावणी परवावर आली होती. बाबा लढाईत स्ट्रेचर वाहणारे शिपाई होते. जखमी झाले, बरे झाले, पुढे नोकरी पुरी करून घरी आले. निदान घरात सगळे असंच समजत होते. पण डॉक्टरांनी "आता थोडेच आठवडे" असं सांगितल्यावर धाकटी सैनिक संघटनेत चौकशीला गेली, की असं काही झालं तर बिगुल, झेंडा, मानवंदना यांसाठी कुणाला कळवायचं. तिथल्या कारकुनाने बाबांची सेवेची नोंद काढली आणि ती तिच्यापुढे सरकवली. नदीवरच्या लढाईच्या दिवसापासून पुढे काही दिवस एकच शब्द लिहिला होता: गैरहजर. म्हणजे साध्या भाषेत, पळाला. त्या एका शब्दापायी मोहिमेचं पदक नाही, जे तिथल्या आचाऱ्यांनाही मिळालं होतं. जखमेचा बिल्ला नाही, मांडीत खड्डा असूनही. आणि मानवंदनाही नाही.

धाकटीने सैन्याच्या मंडळाकडे नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज केला. पुरावा एकच होता. बाबांच्या ट्रंकेच्या तळाशी तिला एक फोटो सापडला: लढाईतल्या तात्पुरत्या हॉस्पिटलात पलंगावर पडलेले तरुण बाबा, खाली हॉस्पिटलचा शिक्का आणि तारीख. तारीख नेमकी त्या गैरहजेरीतली. तिने मंडळाला झेरॉक्स पाठवली आणि मूळ फोटो हौसेने चौकटीत घालून बाबांच्या समोरच टांगला. मंडळाचं उत्तर आलं: झेरॉक्स पुसट आहे, सुनावणीला मूळ फोटो आणावा.

आणि आता मूळ फोटोच नव्हता.

तिने स्टुलावरची औषधं हातात घेतली, सवयीने, आणि तिथेच थबकली. धाकटी औषधाच्या दुकानात काम करायची. बाबांच्या बाटल्या ती सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा वेळेप्रमाणे लावून ठेवी. आत्ता त्या उंचीप्रमाणे उभ्या होत्या. सगळ्यात बुटकी पुढे, सगळ्यात उंच मागे, ओळ एकदम सरळ.

२

संघटनेच्या इमारतीत जिन्याखाली एक खोली होती. तिथे मेट्रन बसत. सगळी नोकरी सैन्याच्या हॉस्पिटलात गेली, निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून त्या लोकांच्या बिघडलेल्या नोंदी निस्तरत बसत. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर असेल तर असेल. बोलणं खडूस, पण धाकटीचा अर्ज त्यांनीच तिला तीनदा फाडायला लावून चौथ्यांदा पसंत केला होता.

"रडून झालं असेल तर निघू या," त्या म्हणाल्या आणि छत्री उचलली. बाहेर ना पाऊस होता ना ऊन.

खोलीत आल्यावर त्यांनी बाबांची नाडी पाहिली. मग चौकटीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिल्या. शेजारच्या उंच फळीवरूनही बोट फिरवलं. ते काळं झालं.

"चौकट तू पुसलीस?"

"मला मान वर करायला वेळ नाही, मेट्रनबाई. महिन्यात फडकं हातात घेतलेलं नाही."

"मग चोराने पुसली. चोरी करताना धूळ पुसणारा चोर मी अजून पाहिला नव्हता." त्यांनी चौकटीच्या मागचे बारीक खिळे पाहिले. सगळे पुन्हा नीट दाबून बसवलेले. "हात स्थिर. घाई नाही. काल घरात कोण कोण येऊन गेलं?"

धाकटी दुपारभर दुकानात होती. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. बाबांजवळ पाळीपाळीने चौघं बसून गेली होती. थोरला, म्हणजे तिचा भाऊ. वायरलेसकाका, बाबांच्या पलटणीतले जुने सोबती. खालच्या मजल्यावरची मावशी, जिचा नवरा त्याच नदीवर गेला होता आणि जी तेव्हापासून यांच्या घरचीच झाली होती. आणि मावशीचा मुलगा मास्तर, शाळेत कवायत शिकवणारा.

"मूळ फोटो मागितलाय हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. पत्र मीच वाचून दाखवलं होतं. सगळे इथेच बसले होते."

धाकटीने स्टुलावरच्या बाटल्या कुणीतरी हलवून परत लावल्याचं सांगितलं. मेट्रननी स्टुलाकडे पाहिलं, खिळ्याच्या उंचीकडे पाहिलं, आणि पिशवीतून झेरॉक्स काढून खिडकीशी धरली. "चोरीची दोनच कारणं असू शकतात. एक, तुझा अर्ज बुडवायचा. दुसरं, मूळ फोटोत असं काही आहे की जे झेरॉक्समध्ये उतरलं नाही, आणि ते मंडळाने बघू नये असं कुणालातरी वाटतंय." त्यांनी नखाने एक जागा दाखवली. पलंगाच्या डोक्याशी एक पांढरा डाग होता. "हे काय आहे?"

"उशी असेल."

"उशी डोक्याखाली असते. हे डोक्याच्या वर टांगलंय. हे रुग्णाचं कार्ड आहे, बाई. तू चेहरा बघितलास, मंडळही चेहरा बघेल. मी नर्स आहे, मी आधी कार्ड बघते. काय लिहिलं होतं त्यावर?"

धाकटीला आठवेना. तिने पाहिलंच नव्हतं. तिने फक्त बाबांकडे पाहिलं होतं, केवढे कोवळे दिसत होते म्हणून.

"आणखी एक," मेट्रन आवाज खाली आणून म्हणाल्या. "चोर या खोलीत स्टूल ओढून त्यावर चढला, खिळे उपटले, परत बसवले. तुझ्या बाबांची झोप कशी आहे?"

"चमचा पडला तरी जागे होतात."

दोघींनी पलंगाकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड केलेल्या बाबांचे डोळे उघडे होते.

३

थोरला पहिल्यापासूनच या अर्जाच्या विरुद्ध होता, आणि ते त्याने कधी लपवलं नव्हतं. "त्यांनी नाही म्हटलं म्हणजे? चार माणसांत बाबांना पळपुटा ठरवतील, तेही आता, या अवस्थेत," तो म्हणायचा. धाकटीच्या मनात संशयाची पाल चुकचुकली ती त्याच्याच नावाने. त्यातून तो आत आला तो हातातली कापडी पिशवी पाठीमागे धरून. मेट्रनना पाहून त्याने ती घाईने दाराआड ठेवली.

"पिशवीत काय आहे रे?" धाकटीने विचारलं. आवाज तिला वाटला त्याहून चढा निघाला.

"काही नाही."

"फोटो आहे का?"

थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. त्याने पिशवी तिच्या हातात दिली. आत बाबांचा जुना कोट होता, धुऊन, इस्त्री करून, शिवणी आत घेऊन लहान केलेला. बाबा इतके वाळले होते, की जुन्या कोटात दोघे मावले असते.

"निकाल चांगला लागला तर घालतील म्हटलं," तो खाली बघत म्हणाला. "आणि नाही लागला तरी, कधीतरी घालावाच लागेल."

धाकटीला स्वतःचीच लाज वाटली. तिने कोट घडी न मोडता खुंटीला लावला. मेट्रननी मात्र थोरल्याला भिंतीशी उभं केलं आणि खिळ्याला हात लावायला सांगितला. त्याचा हात कोपरात वाकूनही खिळ्यापर्यंत पोचला. "याला स्टूल लागणार नाही," त्या म्हणाल्या. "मास्तर केवढा आहे?"

"माझ्याहून चांगला वीतभर उंच."

वायरलेसकाकांकडे त्या दोघी चालत गेल्या. काकांचे गुडघे गेलेले, हात सतत थरथरणारा. बशीत सांडलेला चहाच ते जास्त पीत. स्टूल आणि बारीक खिळे यांच्याशी त्यांचा काही संबंध असणं शक्य नव्हतं, पण मेट्रननी त्यांच्याजवळ खुर्ची ओढलीच.

"त्या दिवशीचं सांगा."

"किती वेळा सांगू? या पोरीला मीच सांगितलं, म्हणून तर तिने हे अर्जाचं उपसलं. मी नदीच्या अलीकडे वायरलेस घेऊन बसलो होतो. हिचे बाबा आणि मावशीचा नवरा एका स्ट्रेचरची जोडी. पुढचं टोक त्याचं, मागचं यांचं. पहिल्याच फेरीला पलीकडच्या काठावर तो पडला. मी दुर्बिणीतून बघितलं. मावशीपुढे हे कधी काढलं नाही. त्यानंतर हे एकटे. पाठीवर घालून, पट्ट्याने ओढून, पाण्यातून माणसं आणत राहिले. उजाडेपर्यंत. मग आमचं ठाणं हलवलं, आणि पुढचं मला माहीत नाही."

"आणि पळाले असं कोण म्हणालं?"

काकांनी बशी खाली आपटली. "काठावर यांचा कोट सापडला. ओळखीचे बिल्ले कोटालाच बांधलेले. बिल्ले टाकून जाणारा शिपाई म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. मी ओरडून सांगितलं की हा माणूस पळणाऱ्यातला नाही. पण मी पडलो दोस्त. दोस्ताचं कोण ऐकतं?"

४

शाळेच्या मैदानावर संचलनाची तालीम चालू होती. मास्तर पांढऱ्या कपड्यांत ओळींसमोर उभा होता. मुलं उंचीप्रमाणे लावलेली, बुटकी पुढे, उंच मागे. धाकटीने ते पाहिलं आणि तिला औषधाच्या बाटल्या आठवल्या. तिने मेट्रनचा दंड घट्ट पकडला.

"दिसलं मला," मेट्रन म्हणाल्या. "हात सोड, रक्त थांबेल."

मास्तरच्या उजव्या छातीवर शौर्यपदक होतं. स्वतःचं पदक शिपाई डावीकडे लावतो. गेलेल्या माणसाचं पदक त्याच्या घरचे उजवीकडे लावतात. मास्तरला समजायला लागल्यापासून, शाळेच्या प्रत्येक संचलनाला ते पदक त्याच्या उजव्या छातीवर असे. शाळेत भिंतीवर वडिलांचं चित्रही होतं. त्याने वडिलांना पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे होतं ते हेच.

"काल तुम्ही बाबांकडे आला होता," मेट्रन म्हणाल्या.

"दाढी करून दिली त्यांची. का?"

"खोलीतला फोटो गेलाय."

मास्तर खरोखरच गोंधळलेला दिसला. "मी होतो तेव्हा होता की भिंतीवर. माझ्यामागून आई गेली होती वर. सूप घेऊन."

"हे पदक कशाबद्दल?"

त्याला हे विचारलेलं नेहमीच आवडे. मानपत्रातला मजकूर त्याला तोंडपाठ होता, आणि तो ताठ उभा राहून म्हणाला: जोडीदार नाहीसा झाल्यावर एकट्याने, उजाडेपर्यंत, नदी पुन्हा पुन्हा ओलांडून जखमींना आणलं, शेवटच्या फेरीत स्वतः मांडीत जखमी झाले आणि हॉस्पिटलात दाखल झाले, त्यांनी वाचवलेल्या अधिकाऱ्याने हॉस्पिटलातूनच ही शिफारस केली.

धाकटीच्या कानांत वारा शिरल्यासारखं झालं. तिला कुठेतरी काहीतरी खटकलं, पण काय ते पकडीत येईना. मेट्रन मात्र छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून शांत उभ्या होत्या.

"आई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"डोकं दुखतंय म्हणते. कालपासून पडून आहे. जेवलीही नाही."

परत येताना त्यांनी मावशीच्या दारावर थाप मारली. दार उघडलं नाही. आतून मावशीचा आवाज आला, "नंतर ये गं." मावशी एक दिवस वर आली नाही असं धाकटीच्या आठवणीत कधी झालं नव्हतं. आणि आली की आधी फडकं शोधणार, हाताखाली येईल ते पुसणार, हाताखाली येईल ते ओळीत लावणार. मास्तरला शिस्त काय शाळेत लागली होती? ती या बाईकडूनच आली होती.

जिन्यात धाकटी मधल्या पायरीवरच बसली. "मावशीने? मावशीने माझ्या बाबांचा पुरावा चोरला?"

"त्याहून वाईट आहे," मेट्रन म्हणाल्या. "नीट आठव. काका म्हणतात, मावशीचा नवरा पहिल्या फेरीत गेला. मग उजाडेपर्यंत माणसं कुणी आणली? मांडीत जखम कुणाला झाली?"

५

बाबा जागे होते. मेट्रननी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि फोटोचं नावही काढलं नाही.

"स्ट्रेचरचा पट्टा मानेवरून जायचा ना? खाली गळ्यात साखळी असली की घासून कातडं सोलायचं. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या स्ट्रेचरवाल्यांच्या मानेला तीच जखम. मग तुम्ही लोक बिल्ले गळ्यातून काढून ठेवायचात. नियमाविरुद्ध. कुठे ठेवायचात?"

बाबांचा हात मानेकडे गेला. मग बाबा म्हणाले, "कोटाच्या काजात."

"आणि कोट?"

"एका पोराला थंडी भरली होती. त्याच्या अंगावर घातला."

"जोडीदार पडला तेव्हा त्याचा एक बिल्ला तुम्ही काढून घेतलात. एक प्रेताबरोबर, एक सोबत्याने आणायचा. रीतच ती. हात मोकळे हवेत म्हणून तो गळ्यात घातलात."

बाबांनी डोळे मिटले. धाकटीला त्यांच्या गळ्याची शीर उडताना दिसली, आणि तिला वाटलं, हे थांबवावं. मेट्रननी तिच्याकडे न बघताच हात वर केला.

"तुम्हाला बेशुद्ध आणलं. नर्सने गळ्यातला बिल्ला वाचला आणि कार्डावर ते नाव लिहिलं. मीही तेच केलं असतं. तुम्ही वाचवलेला अधिकारी शेजारच्याच पलंगावर. मला ज्याने आणलं तो कोण, असं त्याने विचारलं असेल. नर्सने कार्ड वाचून सांगितलं. शिफारस त्या नावाने गेली. इकडे पलटणीला तुमचा कोट सापडला, बिल्ल्यांसकट, आणि तुम्ही कुठल्याच हॉस्पिटलच्या यादीत नाही. म्हणून गैरहजर."

"शुद्धीवर आलो तेव्हा बोललो मी," बाबा म्हणाले. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "नाव सांगितलं. कार्ड बदललं त्यांनी. पलटणीच्या साहेबाने दयेने शिक्षा केली नाही, पण कुणाच्या नावाने पडून होतो ते विचारलं. मी सांगितलं नाही. तोवर कळलं होतं, त्याला पदक मिळतंय. मी सुट्टीवर आलो तो सांगायलाच आलो होतो वहिनीला. तर तिने पदक पोराच्या झबल्याला लावलेलं. मला म्हणाली, बघा भावजी, याच्याकडे बापाचं काहीतरी आहे." ते थांबले. "मग नाही सांगितलं."

"आणि आम्ही?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं. तिला राग आला होता, आणि मरणाऱ्या माणसावर राग आल्याची भीतीही वाटत होती. "तुम्हाला पळपुटा म्हणून पोचवायचं आम्ही? त्याचं काही नाही?"

"ते सोसेल मला. सवय आहे. तू तो फोटो टांगलास आणि माझी झोप गेली. त्यावर कार्ड आहे. मंडळाने भिंगाखाली धरलं, की ते थेट खालच्या मजल्यावर जाणार. म्हणून मीच म्हटलं वहिनीला, तो फोटो मला डोळ्यांसमोर नको, घेऊन जा, तुमच्या ट्रंकेत टाका. बघू नका, असंही म्हटलं."

"बघू नका असं सांगितल्यावर न बघणारं माणूस मला तरी भेटलेलं नाही," मेट्रन म्हणाल्या. "एवढं होतं तर फाडून का नाही टाकलात तेव्हाच?"

बाबांनी पहिल्यांदाच मान वळवली आणि रिकाम्या चौकटीकडे पाहिलं.

"कसा फाडणार? त्या कार्डावर तो जिवंत होता."

तेवढ्यात लोटलेलं दार हळूच उघडलं.

६

मावशी दारात उभी होती. डोळे सुजलेले, हातात फोटो. तिच्यामागे मास्तर, मैदानावरच्याच कपड्यांत, चेहरा पांढरा पडलेला. तिने त्याला सांगितलं होतं, हे दिसतच होतं.

ती पलंगाच्या कडेला बसली. बसताना तिने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली.

"मला तेव्हा दोन कागद आले होते, भावजी," ती म्हणाली. "आधी आला, हॉस्पिटलात दाखल. मग आला, नदीवर मरण पावले. मी इतकी वर्षं त्या दोन कागदांच्या मध्ये अडकले. मला वाटायचं, ते हॉस्पिटलात पोचले होते, आणि तिथे एकटे पडून, पाणी मागत गेले, आणि मला ते सांगायचं नाही म्हणून नदीवर लिहिलं. अजून स्वप्नात पाणी मागतात. तुम्ही जवळ होता. त्यांनी पाणी मागितलं का?"

"नाही वहिनी. आवाजसुद्धा केला नाही. पाऊल उचललं होतं, ते खाली टेकायच्या आत गेला."

मावशीने तोंडाला पदर लावला आणि ती हलक्या हाताने स्वतःच्याच गुडघ्यावर थोपटत राहिली. धाकटीचा राग कुठल्या कुठे गेला. बाबांनी एक गोष्ट लपवून या बाईला पदक दिलं होतं आणि तिची झोप घेतली होती, आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं.

मास्तर दारातून हलला नव्हता. "मग माझ्या वडिलांनी काय केलं?" त्याने विचारलं. आवाज मास्तरचा नव्हता, वर्गात उभं केलेल्या पोराचा होता.

बाबांनी त्याला जवळ बोलावलं. "स्ट्रेचरला दोन टोकं असतात. पुढचा माणूस आधी दिसतो. आम्ही पाळी बदलायचो. त्या दिवशी पुढची पाळी माझी होती. मानेची जखम चिघळली होती माझी, म्हणून तो म्हणाला, तू मागे हो. काय केलं म्हणून विचारतोस? पुढे झाला."

मास्तरने पलंगाची दांडी धरली. त्याच्या छातीवरचं पदक हललं.

"परवा हा फोटो मंडळासमोर ठेवायचा," मावशी म्हणाली आणि फोटो धाकटीच्या हातात दिला.

"वहिनी, नको. शाळेत पोराचं—"

"इतकी वर्षं तुम्ही ठरवलंत, भावजी. आता मी ठरवते."

धाकटीने मेट्रनकडे पाहिलं. मेट्रन खिडकीबाहेर बघत चष्मा पुसत होत्या, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

७

सुनावणीची सकाळ धाकटीने कशी काढली ते तिलाच माहीत. बाबांना थोरल्याच्या हवाली केलं होतं, पण तिचे कान घरीच राहिले होते. बाकावर बसल्यावर तिला वाटत होतं, आता फोन वाजेल आणि थोरला म्हणेल, उशीर झाला.

मंडळात तीन अधिकारी होते. मधल्याने फोटो भिंगाखाली धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कार्डावर नाव दुसऱ्याचं आहे."

"माझ्या नवऱ्याचं," मावशी मागच्या बाकावरून उठून म्हणाली. "पलंगावर माझे भावजी आहेत. बाकीचं मी सांगते."

तिने सांगितलं. मध्येच तिने अधिकाऱ्यापुढच्या टेबलावरच्या पेन्सिली सरळ केल्या, आणि तिला कुणी अडवलं नाही. तिच्यानंतर मेट्रननी सगळं कार्ड, काज आणि पट्ट्यासकट मांडलं. तिघे आत गेले, बाहेर आले. गैरहजर हा शब्द काढण्यात येत आहे. मोहिमेचं पदक आणि जखमेचा बिल्ला नोंदीत घालण्यात येत आहे. मानवंदनेचा हक्क राहील. शौर्यपदकाचं प्रकरण मात्र वर पाठवावं लागेल, कारण ते एकदा दुसऱ्याला दिलेलं आहे. वेळ लागेल.

"किती?" धाकटीने विचारलं.

अधिकाऱ्याने खांदे उडवले नाहीत, एवढं त्याचं भलं. "तुमच्या वडिलांकडे आहे त्याहून जास्त," तो म्हणाला.

फोन वाजला नव्हता. घरी पोचल्या तेव्हा थोरल्याने बाबांना उशांना टेकवून बसवलं होतं आणि अंगात तो कोट घातला होता. कोट अगदी मापात बसला होता. वायरलेसकाका खुर्चीवर होते, बशी मांडीवर. धाकटीने निकाल सांगितला. बाबांनी दोनदा मान हलवली, मोहिमेच्या पदकाला एकदा आणि जखमेला एकदा. तिसऱ्या गोष्टीबद्दल त्यांनी विचारलं नाही.

तेवढ्यात मास्तर आला. शाळेतून परस्पर आला होता. खोलीच्या मध्यभागी उभं राहून त्याने आपल्या उजव्या छातीवरचं पदक काढलं. कापडावर दोन बारीक भोकं राहिली. तो पलंगाशी वाकला आणि मग त्याचा हात घुटमळला. जन्मभर त्याला एकच बाजू माहीत होती.

"डावीकडे," मावशी म्हणाली.

टाचणी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा पदक लागलं, थोडं तिरकं. तो मागे सरकला. बाबांचा हात चादरीवरून सावकाश वर आला. धाकटीला वाटलं, काढून परत देणार. आता काढणार.

बाबांनी मान खाली घातली, दोन बोटांनी पदक चाचपलं, आणि ते सरळ केलं.